शालनची मूठ

“म्हणजे एकही नाही?” गुरुजींनी विचारलं.

“एकही नाही.”

“एवढ्या मोठ्या शहरात?”

“मोठ्या शहरातच नाही, गुरुजी.”

गुरुजींनी खलबत्त्यात आणखी शेंगदाणे टाकले आणि कुटायला लागले. दात केव्हाच गेले होते, शेंगदाण्यांची आवड मात्र गेली नव्हती. कुटून झालं की चिमटीनं तोंडात टाकायचं आणि चघळत बसायचं. त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याला उत्तराची वाट बघत ताटकळावं लागे.

समोर लोखंडी खुर्चीवर नथानिएल अमोलिक बसले होते. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर दोन्ही हात. एस.टी.तून उतरल्यापासून त्यांनी तो खाली ठेवला नव्हता. गुरुजींच्या सुनेनं पाणी दिलं, तेही ते एका हातानं डबा धरूनच प्याले.

हे अमोलिक म्हणजे साधी असामी नव्हे. सरकारी प्रयोगशाळेत दूध तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जिल्ह्यातले गवळी त्यांचं नाव काढलं की चळाचळा कापत. दुधात पाणी असो, साखर असो, पीठ असो, त्यांच्यापुढे काही लपत नसे. निवृत्त झाल्यावर लॅक्टोमीटर कपाटात गेला, पण नजर काही कपाटात गेली नाही.

लहानपणी ते ह्याच बोरखडीच्या मिशन शाळेत शिकले होते. शांतवन पाटोळे तेव्हा त्यांचे गुरुजी. पुढे गुरुजींनी शाळा सोडली, पाळक झाले, गावोगावच्या मंडळ्या सांभाळल्या आणि म्हातारपणी पुन्हा इथल्या ख्रिस्ती वस्तीत येऊन टेकले. अमोलिक आले होते ते त्यांना एकच विचारायला. जिथं रविवारी उपासनेला बसावं, जिथल्या माणसांना आपलं म्हणावं, अशी एखादी निरोगी मंडळी सांगा.

“काय काय बघितलंस, ते तरी सांग,” गुरुजी म्हणाले.

सांगायला काय, अमोलिकांच्या जिभेवरच होतं सगळं. पहिल्या मंडळीत जागेच्या वादावरून दोन तट पडले होते. आठवडाभर कोर्टात भांडायचे आणि रविवारी एकाच बाकावर डोळे मिटून बसायचे. दुसरीत पाळकसाहेब शास्त्रातलं एक वाक्य वाचत आणि मग तासभर स्वतःच्या परदेशवारीत हिंडून येत. तिसरीत ढोल आणि गिटारचा असा दणदणाट, की देवाला ऐकू येत नाही अशी ह्यांची समजूत असावी. चौथीत पुढचे बाक मोटारवाल्यांना राखून ठेवलेले.

पाचवीत तसं सगळं चांगलं होतं. पण गाणारे बेसूर. आणि कोणी तसं म्हटलं की पेटीला नावं ठेवायचे. नाचता येईना, अंगण वाकडं.

गुरुजींना हसू आलं. ते त्यांनी शेंगदाण्यांबरोबर चघळून टाकलं.

“आणि एका ठिकाणी तर पाळक म्हणेल तेच खरं,” अमोलिक म्हणाले. “सख्ख्या बहिणीकडं जायचं तरी त्याला विचारून. कोणी उलट प्रश्न केला, की सगळ्यांसमोर उभं करून त्याला शाप द्यायचा.”

गुरुजींचा बत्ता थांबला.

“तिथून उठलास ते बरं केलंस. अशा जागी माणसानं घटकाभरही बसू नये.”

“तेच म्हणतो मी.”

“बाकीच्या ठिकाणांहून का उठलास?”

“आत्ताच सांगितलं की, गुरुजी.”

“ते तू त्यांचं सांगितलंस...”

अमोलिकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गुरुजींनी हात वर करून थांबवलं आणि स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, “घरोघरी मातीच्या चुली.” मग पुन्हा कुटायला लागले.

अंगणात ऊन होतं. कुंपणाशी एक कोंबडी माती उकरत होती. अमोलिक तिच्याकडे बघत राहिले.

खरं सांगायचं तर त्यांना शहरातल्या घरी परत जाणं नको झालं होतं. शनिवारी तर फारच. शनिवारी संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्यांची बायको शालन विचारायची, “उद्या कुठं?” लग्न झाल्यापासून दोघंच. मूलबाळ झालं नाही. त्यामुळे रविवार हा तिचा माणसांत जायचा दिवस होता. ती सकाळी लवकर उठून पातळाला इस्त्री करून ठेवायची. कुठल्याही मंडळीत गेली, की चार बायकांची नावं आणि त्यांच्या गुडघ्यांची दुखणी पाठ करून यायची. आणि तिची ओळख कुठं मुरायला लागली, की अमोलिकांना तिथली भेसळ सापडायची.

“उद्या कुठं?” ती विचारायची. तक्रार म्हणून नाही. नुसतं विचारायची.

मग अमोलिकांनी घरीच उपासना सुरू केली. शास्त्रपाठ तेच वाचत, प्रार्थना तेच करत, गीतही तेच सुरू करत. शालन आमेन म्हणायची. दोघांच्या त्या मंडळीत मात्र भेसळ नावाला नव्हती. हळूहळू तिनं शनिवारचं विचारणं सोडलं. ते कधी सोडलं हेही अमोलिकांच्या लक्षात आलं नाही. दुधात काय जास्त आहे हे ओळखायची सवय होती त्यांना, घरातलं काय कमी झालं ते कसं कळणार.

गेल्या थंडीत ती गेली.

“मातीच्या वेळी गीत म्हणायला कोणी नव्हतं, गुरुजी.”

हे अमोलिक आजपर्यंत कोणाला बोलले नव्हते. बोलणार तरी कोणाला? इमारतीतले शेजारी आले होते. भली माणसं. हात जोडून उभी राहिली, पण त्यांना ख्रिस्ती गीत कुठून येणार? पाळक मिळाले ते कोणाच्या तरी ओळखीनं. त्यांनी पुस्तकातून वाचलं आणि शालनच्या नावाशी दोनदा अडखळले. शेवटी अमोलिकांनीच गीत उचललं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला ते थांबले. कोणीतरी पुढं उचलेल म्हणून थांबले. शवपेटीवर माती पडायचा आवाज तेवढा येत राहिला.

गुरुजींनी बत्ता खलात टेकवून ठेवला.

“ज्या मंडळ्यांत जात होतास, त्यांना कळवलं होतंस?”

अमोलिक डब्याचं झाकण दाबून बघायला लागले.

“नाथा.”

“नाही.”

“का?”

“काय म्हणून कळवायचं? मी त्यांच्यातला कोण?”

“हं,” गुरुजी म्हणाले.

मग बत्त्यानंच त्यांनी अमोलिकांच्या मांडीकडे बोट केल्यासारखं केलं. “डब्यात काय आहे?”

“मूठ आहे.”

एवढंच ऐकून गुरुजींना समजलं. बोरखडीच्या वस्तीत ही रीत जुनी. दळणासाठी ज्वारी काढली, की घरातली बाई त्यातली एक मूठ आधी बाजूला काढायची. ती देवाची. रविवारी देवळात न्यायची आणि पुढं ठेवलेल्या मोठ्या पाटीत ओतायची. चर्चला ही माणसं देऊळच म्हणतात. उपासना झाली, की बायका ते धान्य पाखडून निवडून घेत आणि वस्तीत ज्याची चूल अडलेली असेल त्याच्या दारात गुपचूप ठेवून येत. कोणाच्या दारात ठेवलं हे बोलायचं नाही, हाही त्या रीतीचाच भाग.

शालन बोरखडीचीच लेक. शहरात गेली तरी तिची मूठ सुटली नाही. शहरातल्या मंडळ्यांत पाट्या नव्हत्या, आणि पुढंपुढं तर मंडळीही नव्हती. तरी ती मूठ काढायची आणि डब्यात टाकायची. डबा भरला, की घरकामाला येणाऱ्या बाईला द्यायची आणि पुन्हा पहिल्या मुठीपासून लागायची. अंथरुणाला खिळली तेव्हा अमोलिकांच्या हातून काढवून घ्यायची. “माझ्या हाताला लावा आधी,” म्हणायची. मूठ तिची असली पाहिजे ना.

तो शेवटचा डबा भरलेलाच राहिला. अमोलिक दर महिन्याला तो उन्हात घालत, चाळत, कडुनिंबाचा ताजा पाला घालून ठेवत. एक किडा त्यात शिरू दिला नव्हता.

“हे शेवटचं आहे तिचं,” अमोलिक म्हणाले. “कुठंही ओतणार नाही मी. निरोगी मंडळी असेल तिथंच ओतीन, आणि तिथंच राहीन. नसेल, तर हा डबा माझ्याबरोबर जाईल. म्हणून तुमच्याकडे आलोय.”

“उद्या रविवार आहे. आज राहा. सकाळी डबा घेऊन देवळात ये.”

“इथली मंडळी निरोगी आहे?”

गुरुजींनी कूट चिमटीत घेतलं, तोंडात टाकलं आणि चघळत राहिले. अमोलिक वाट बघत होते...

“शेंगदाणे खातोस?” गुरुजींनी विचारलं.

सकाळी अमोलिक देवळात गेले ते मागच्या भिंतीशी बसले. तपासनीस नेहमी मागंच बसतो, तिथून सगळं दिसतं. दगडी भिंती, वर पत्रा, खाली सतरंज्या. एकीकडे पुरुष, एकीकडे बाया. पुढं मेजाच्या पायाशी वेताची मोठी पाटी.

गीत सुरू झालं आणि अमोलिकांनी डोळे मिटून घेतले. भक्तीनं नव्हे. पुरुष एका पट्टीत गात होते, बाया दुसऱ्या, आणि पेटीवाला दोघांच्या मधून आपली वाट काढत चालला होता. पण गात होते सगळे. तोंड मिटून बसलेला एकही नव्हता. ही एक गोष्ट अमोलिकांनी मनातल्या मनात जमेला धरली.

शेजारचा माणूस, त्यांच्याकडे न बघताच, थोडा सरकला. त्यानं आपलं गीतांचं पुस्तक दोघांच्या मधे धरलं. शब्द कुठंवर आले ते दाखवायला अंगठा ओळीवर ठेवला. शेतातला अंगठा होता, नखात माती असलेला. तुम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. त्याचा खांदा अमोलिकांच्या खांद्याला लागला आणि तसाच राहिला.

थंडीपासून अमोलिकांना कोणाचा स्पर्श झाला नव्हता. त्यांना फार बरं वाटलं. इतकं, की खांदा जरा दुखत होता तरी त्यांनी तो हलवला नाही.

तरुण पाळक थोडक्यात बोलले आणि बसले. अमोलिकांना बोट ठेवायला जागा सापडेना. मग बाया उठल्या. कोणाच्या पदरात, कोणाच्या वाटीत, कोणाच्या नुसत्या ओंजळीत धान्य होतं. एकेकीनं पाटीशी वाकून ते ओतलं.

अमोलिक उठले आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुरुषांतून कोणीतरी खाकरलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. हीच ती मंडळी, असं त्यांनी ठरवलं होतं.

पाटीशी आल्यावर मात्र हात चालेना. झाकण उघडलं, कडुनिंबाचा वास आला, आणि ते तसेच उभे राहिले. मागून एका बाईनं हळूच म्हटलं, “वता की, भाऊ. मागं आमी हावोत.”

त्यांनी डबा उपडा केला. ज्वारी सळसळत पाटीत गेली, वर दोन सुकलेली पानं पडली. झालं. डबा हाताला इतका हलका लागला की जागेवर येऊन बसल्यावर तो कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना.

आशीर्वाद झाला. पुरुष बाहेर पडले, बाया पाटीभोवती सुपं घेऊन बसल्या. गुरुजी दाराशी उन्हात खुर्ची टाकून बसले होते. अमोलिक त्यांच्याकडे निघाले होते, तेवढ्यात मागून आवाज चढला.

“पोरकिडे बघा पाटीत. कुणाची ही मूठ?”

बोलणारी रिबकाबाई, मंडळीच्या पंचांची बायको. घरची सुखवस्तू, जिभेला हाड नाही. मूठ कोणाची हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगुणाबाई, वस्तीच्या टोकाला राहणारी विधवा, खाली मान घालून पाखडत होती.

रिबकाबाईला तेवढ्यानं पुरेना. “मागल्या म्हयन्यात आमच्याच कणगीतलं हिच्या दारात ठिवलं,” ती म्हणाली. “तेच किडवून माघारी आणलंय.”

देवळातली सगळी सुपं थांबली. जे कधी बोलायचं नाही ते ती बोलली होती.

सगुणाबाईनं सूप खाली ठेवलं आणि मान वर केली. “किडे तुझ्याच कणगीतले व्हते, बाई. तुझे तुला दिले.”

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग जे पेटलं ते पेटलंच. रिबकाबाईचा दीर बाहेरून आत आला, सगुणाबाईचा भाऊ त्याच्या मागं. धान्यावरून विहिरीच्या पाण्यावर गेले, पाण्यावरून बांधावर, बांधावरून कोणाच्या तरी मेलेल्या आजोबांवर. तरुण पाळक मधे उभे राहून “बहिणींनो, बहिणींनो” करत होते, ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. पुस्तक मधे धरणारा तो माणूस, नखात माती असलेला, तोही बाह्या सरसावून पुढं झाला होता.

अमोलिकांना कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी कोणीतरी भर रस्त्यात थोबाडीत द्यावी तसं त्यांना झालं. त्यांनी पाटीकडे बघितलं. त्या किडक्या धान्यात शालनची मूठ होती. एक किडा शिरू दिला नव्हता त्यांनी.

ते गुरुजींपुढं येऊन उभे राहिले.

“गुरुजी, हीसुद्धा नाही.”

“हं.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“रिबका ना? पाळण्यात होती तेव्हापासून अशीच आहे. बाप्तिस्मा मीच दिला तिला. डोक्यावर पाणी पडल्याबरोबर मला लाथ मारली होती.”

“मग मला का बोलावलंत?” अमोलिकांनी रिकामा डबा पुढं धरला. “त्या गरीब बाईला ती चारचौघांत असं बोलते. ही मंडळी? शालनचं शेवटचं होतं ते, गुरुजी. सांगितलं होतं तुम्हाला. मला ते परत पाहिजे.”

“परत पाहिजे?”

“हो. घेऊन जातो मी. तीन वाजताची गाडी आहे.”

गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं. रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. मग काठी टेकून उठले आणि आत गेले.

म्हातारा आत आलेला बघून भांडण थोडं खाली बसलं. गुरुजींनी ना रिबकाला काही म्हटलं, ना सगुणाला.

“बायांनो, हात थांबवा जरा,” ते म्हणाले. “हा नाथा. आपल्या शाळेत होता. ह्याची बायको गेली, ती ह्याच वस्तीतली. तिची मूठ आपल्या पाटीत पडलीय. त्याला ती परत न्यायचीय. नेऊ द्या.”

आणि काठीच्या टोकानं त्यांनी पाटी अमोलिकांकडे सरकवली.

“घे. तिची तेवढीच घे, नाथा. दुसऱ्या कोणाचा दाणा नको.”

अमोलिक मांडी घालून बसले. रिकामा डबा शेजारी ठेवला. त्यांना खात्री होती. हा दाणा त्यांनी दर महिन्याला हातात घेतलेला, चाळलेला, उन्हात पसरलेला. आणि डोळ्यांनी ओळखणं हाच तर त्यांचा जन्माचा धंदा.

त्यांना आधी कडुनिंबाचं पान सापडलं. त्याच्या आसपास बोटं फिरवून त्यांनी एक दाणा उचलला, उन्हाकडे धरला आणि डब्यात टाकला. टण् असा आवाज झाला. दुसरा टाकला. तिसरा हातात घेतला आणि ते थांबले. हा टपोरा होता, पांढरा होता. पण त्याच्या शेजारचाही टपोरा होता. आणि त्याच्या शेजारचाही.

त्यांनी तो तिसरा पुन्हा पाटीत ठेवला. मग डब्यातले दोन काढून बघितले. तेही शालनचे होते की नाही, आता सांगता येईना. तळहातावरून एक पोरकिडा चालत गेला. त्यांनी तो झटकला नाही.

सगळे बघत होते...

“कसा हाय हो दाणा त्यांचा?” कोणीतरी विचारलं.

सगुणाबाई होती. सूप बाजूला सारून ती जवळ सरकली होती.

“टपोरा,” अमोलिक म्हणाले. “पांढरा...”

तिनं पाटीत वाकून बघितलं. एक दाणा काढला, डोळ्यांपाशी नेला. “ह्यो का बघा.”

“सरक गं,” रिबकाबाई म्हणाली. “तुला दोरा ववता येत न्हाई सुईत, तू काय दाणा वळखतीस?” आणि ती सगुणाबाईच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली. तिनं मूठभर ज्वारी सुपात घेतली आणि एकेक दाणा बोटानं बाजूला करायला लागली. दोघींची तोंडं अजून फुगलेलीच होती. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“नाव काय त्यांचं?” रिबकाबाईनं वर न बघता विचारलं.

“शालन.”

“कुणाची?”

“चांदेकरांची. विहिरीजवळ घर होतं.”

“शालनबाईंचा ह्यो असंल,” सगुणाबाई म्हणाली. मग तिनं तो पुन्हा निरखला. “न्हाई. ह्यो माझ्याच घरचा वाटतोय.”

“दाव,” रिबकाबाई म्हणाली. “आमच्यातला हाय त्यो.”

शालनचं नाव माती झाल्यापासून अमोलिकांशिवाय कोणी घेतलं नव्हतं. इथं ते सुपावरून सुपावर चाललं होतं. आणखी बाया वाकल्या. शालनबाईंचा हा का, शालनबाईंचा तो का. अमोलिकांना समोरचं दिसेनासं झालं आणि पाटीत पाणी पडायला लागलं.

“रडा, भाऊ. पर पाटीच्या भायेर रडा,” रिबकाबाई म्हणाली. “वलं धान्य लवकर किडतं.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “माती शहरातच दिली का? गीत कंचं म्हणलं?”

अमोलिकांनी गीत सांगितलं. “अर्धंच झालं,” ते म्हणाले. “पहिलंच कडवं.”

“अर्धं?”

रिबकाबाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच सगुणाबाईकडे बघितलं. सगुणाबाईनंही तिच्याकडे बघितलं. सगुणाबाईनं खाली मान घातली, सूप पुन्हा हातात घेतलं, आणि दुसऱ्या कडव्यापासून उचललं.

रिबकाबाईनं तिच्यात आवाज मिळवला. मिळवला म्हणजे काय, आपल्या पट्टीत लावला. मग बाकीच्या बाया, मग दारात उभे असलेले पुरुष, तो दीर, तो भाऊ, मातीच्या अंगठ्याचा तो माणूस. सूर कोणाचाच कोणाशी जुळत नव्हता. सुपं चालूच होती. शेवटचं कडवं संपेपर्यंत कोणी थांबलं नाही.

दुपार उलटली तरी अमोलिक पाटीत हात घालून बसले होते. तीनची गाडी गावात येऊन हॉर्न वाजवून गेली, तो आवाज देवळात आला.

“गुरुजी,” ते हळूच म्हणाले. “सापडत नाही.”

गुरुजींनी खिशातून कुटाची पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिले...

“मग सापडल्याशिवाय जाऊ नको.”